उरल्यासुरल्या लोकरीचा मफलर

“हा मफलर आहे की माशाचं जाळं?”

असं म्हणून मालननं माझ्या हातातल्या सुया काढून घेतल्या आणि मी आठवडाभर खपून विणलेलं सगळं दोन ओढींत उसवून टाकलं. उद्योगखोलीतल्या बायका खो खो हसल्या. हसता हसता एकीला खोकल्याची उबळ आली, तिचं बघून दुसरीला आली, आणि सिस्टर उजागरे दारातूनच ओरडल्या, “हसायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं तुम्हाला!”

आमच्या सॅनेटोरियममध्ये हसण्याला बंदी होती ती अशी.

“मागवाल्याचा पोरगा ना तू?” मालन म्हणाली. “घरात रात्रंदिवस कापड निघतंय, आणि तुला दोन सुया चालवता येत नाहीत?”

“आमचे माग विजेवर चालतात, मालनताई.”

“मग तुलापण वीज जोडावी लागणार. बस इथं. टाके पुन्हा घाल.”

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. इचलकरंजीत आमचं मागाचं शेड होतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू असताना एका सकाळी थुंकीत रक्त दिसलं आणि महिन्याभरात वडिलांनी मला वाईच्या पुढचा घाट चढून या डोंगरावर आणून सोडलं. क्षयाचं सॅनेटोरियम. एका टोकाला पुरुषांच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला बायकांच्या, मध्ये उद्योगखोली. ज्यांचा ताप उतरला असेल त्यांनी दुपारी तिथं काहीतरी हातकाम करायचं. पुरुष बांबूच्या टोपल्या करत, बायका लोकर विणत. बांबूच्या भुशानं माझा खोकला वाढला तशी डॉक्टरांनी मला बायकांच्या बाकावर धाडलं. तिथं मी एकटाच पुरुष.

मला शिकवायचं काम मालनकडं आलं, कारण तिच्याइतकं चांगलं कुणालाच विणता येत नव्हतं. ती कराडची. वय अठ्ठावीस-एकोणतीस असेल. दोन्ही फुप्फुसं धरली होती आणि ती माझ्या कितीतरी आधीपासून तिथं होती. समोर मी तिला ताई म्हणायचो, अहोजाहो करायचो. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. आता इतक्या वर्षांनी, मनातल्या नावानं तिच्याबद्दल बोललो तर कुणाची हरकत नसावी.

डोंगरावर दोन-चार निवासी शाळा होत्या. त्यांचे स्वेटर आमच्याकडं विणायला यायचे. एका शाळेचा गडद हिरवा, एकीचा निळा, एकीचा मरून. मधूनच गावातल्या कुणा बाळंतिणीची गुलाबी टोपी नाहीतर पिवळे मोजे. काम झालं की उरलेली लोकर डालड्याच्या मोठ्या डब्यात जायची. कुठं लिंबाएवढा गुंडा, कुठं वीतभर धागा. त्या डब्यातलं कुणीही घ्यावं, पण सहसा कुणी घेत नसे. तुकडे जोडत बसायला कुणाला आवडतं? मालन मात्र त्याच डब्यातून घ्यायची आणि मफलर विणायची.

तुकडे जोडायची तिची रीत होती. बाहेरच्या बायका लोकरीची टोकं थुंकी लावून जोडतात. आमच्याकडं थुंकीचं नाव काढणंसुद्धा गुन्हा, म्हणून ती शेजारी पाण्याची वाटी ठेवायची. दोन्ही टोकांचे पीळ सोडवायचे, ती एकमेकांवर ठेवायची, ओल्या तळव्यांत जोरात घोळायची. धागा एकजीव व्हायचा.

“गाठ मारली तर लवकर होईल की,” मी एकदा म्हणालो.

“गाठ मानेला टोचते.”

“कुणाच्या मानेला?”

तिनं सुया खाली ठेवल्या नाहीत. “रंजूच्या. माझी मुलगी आहे. कराडला.”

“केवढी आहे?”

“तिसरं लागलं होतं. म्हणजे तेव्हा.” ओळ संपवून तिनं विणकाम उलटं फिरवलं. “आता शाळेत जात असेल.”

‘असेल’ म्हणाली हे मला खटकलं. आमच्याकडं रविवारी भेटायला माणसं यायची. मुलांना आत परवानगी नव्हती, पण फाटकाशेजारी तारेचं कुंपण होतं. लोक मुलांना तिथं उभं करायचे आणि आतून त्यांचे आई-बाप हात हलवायचे. मालनकडं कुणीच यायचं नाही. नवरा नाही, सासू नाही, माहेरचं माणूस नाही. रविवारी ती व्हरांड्यात रस्त्याकडं पाठ करून बसायची आणि विणायची. एखादी गाडी फाटकाशी थांबली की तिच्या सुया थांबायच्या. मान मात्र वळायची नाही. लोकांचं बोलणं ऐकू येऊन आपलं कुणी नाही हे कळलं की सुया पुन्हा सुरू.

मला त्या कराडच्या माणसांचा भयंकर राग यायचा. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडायचो. आजारी बाईला डोंगरावर टाकून दिली आणि विसरून गेले. पोरीला कुंपणापर्यंत आणायला काय झालं होतं?

त्या वर्षी नवीन औषध आलं. माझ्यासारख्यांना आधीच उतार पडला होता, पण ज्यांची आशा सोडली होती अशाही दोघी-तिघींना ते लागू पडलं. त्यांत मालन होती. तिचं वजन वाढू लागलं. गालांवर रंग आला. दिवाळीनंतरचा छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, “असंच राहिलं तर उन्हाळ्यात घरी जाल तुम्ही.” त्या दिवशी बायकांनी चोरून शिरा केला आणि सिस्टर उजागऱ्यांनी तो न बघितल्यासारखं केलं. मालननं सगळ्यांना वाढला. स्वतः घेतला नाही.

“तुम्हाला आनंद नाही झाला?” मी विचारलं.

“झाला की,” ती म्हणाली, आणि डब्यात हात घालून लोकर शोधत बसली.

डिसेंबरात माझ्या थोरल्या भावाचं लग्न निघालं. माझ्या थुंकीत आता जंतू नव्हते, म्हणून मला थोड्या दिवसांची रजा मिळाली. निघायच्या आदल्या दुपारी मालननं मला व्हरांड्यात बोलावलं. तिच्या मांडीवर तो मफलर होता. बरेच दिवस कठड्यावर उन्हात घालून, सिस्टरांकडून कडक इस्त्री फिरवून घेतलेला. हिरवा, मग गुलाबी, मग निळ्याचा जेमतेम एक पट्टा, मरून, पिवळा, परत हिरवा. दोन्ही टोकांना मात्र तिनं एकाच पांढऱ्या लोकरीची नागमोडी किनार घेतली होती.

“परत येताना कराडला उतरशील?”

“उतरेन की.”

“सोमवार पेठेत बळवंतराव मोहित्यांचं घर विचार. आडत दुकानवाले मोहिते. घरात जे असेल त्याच्या हातात दे. सॅनेटोरियमच्या विक्रीतला आहे म्हणून सांग. लहान मुलं असलेल्या घरांत देतोय म्हण, काहीही म्हण.” तिनं मफलरची घडी घातली. “माझं नाव काढायचं नाही.”

“का?”

“काढायचं नाही म्हणजे नाही. आणि रंजू दिसली तर नीट बघून ये.”

“एवढा लांब कशाला केलात? लहान मुलीला हा पायापर्यंत येईल.”

“लोकर उरत होती,” ती म्हणाली.

घरी लग्नात मला वेगळं ताट होतं, वेगळा तांब्या होता, आणि माझ्या अंथरुणापासून पोराबाळांना हाकलत होते. आईनं डोळे पुसत पुसत ते केलं. मी तो सगळा राग साठवून कराडच्या गाडीत बसलो. नाव काढायचं नाही म्हणे! मी चांगलं सुनावणार होतो त्यांना. वाक्यंसुद्धा तयार केली होती.

सकाळी मोहित्यांच्या दारात उभा राहिलो. एका तरुण बाईनं दार उघडलं. विशी-बाविशीची, हातात पिठाचा गोळा, पोट थोडं पुढं आलेलं. पाचवा-सहावा महिना असावा.

“बळवंतरावांचं घर हेच ना?”

“हो. दाजी दुकानात गेलेत. काय काम होतं?”

तेवढ्यात आतून एक मुलगी धावत आली. एक वेणी घातलेली, एक सुटलेली. “आई, रिबीन सापडत नाही!” म्हणत ती त्या बाईच्या साडीला बिलगली आणि माझ्याकडं टकमक बघू लागली. रंग सावळा, कपाळ मोठं. नाक तर सरळ मालनचंच. विचारायची गरजच नव्हती.

आई? माझी तयार केलेली वाक्यं त्या एका शब्दानं गडबडली. म्हणजे त्या माणसानं दुसरी करून आणलीसुद्धा. मी चिडून पिशवीतून मफलर काढला.

“हा द्यायचा होता. सॅनेटोरियमच्या विक्रीतला आहे.”

बाईनं आत वळून हातातलं पीठ तसंच परातीत टाकलं, पदराला हात पुसले आणि मफलर घेतला. तिनं तो उलगडला नाही. फक्त किनार बोटांत धरली. मग दाराच्या चौकटीला टेकून हळूहळू खाली बसली.

“ही अक्काची किनार आहे,” ती म्हणाली. “मला किती शिकवली तिनं, मला कधीच जमली नाही.” तिनं मान वर केली. “अक्का कशी आहे? खरं सांगा. आहे ना?”

अक्का. दाजी. मला तेव्हा कुठं उलगडा झाला. ही मालनची धाकटी बहीण होती.

“बऱ्या आहेत,” मी म्हणालो. “खूप बऱ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात घरी जातील.”

त्या बाईनं, लीला तिचं नाव, मफलर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. मुलगी घाबरली. “आई, काय झालं? आई!” लीलानं तिला जवळ ओढलं. “काही नाही. जा, शेजारच्या काकूंकडून वेणी घालून घे.”

मुलगी गेल्यावर मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं, फक्त आवाज आता तसा उरला नव्हता. “मग कुणीच कसं येत नाही त्यांना भेटायला?”

“तिनंच बंद केलं सगळं,” लीला म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षसुद्धा निघणार नाही म्हणून. तिनं बाबांना बोलावून घेतलं, दाजींना बोलावून घेतलं. म्हणाली, रंजूला सावत्र आई आणू नका, लीलाला द्या. मी नको नको म्हणत होते हो. मला शिकायचं होतं. पण ती खाटेवरून हात जोडायला लागली. थोरली बहीण हात जोडते, काय करणार? लग्न झालं. मग तिनं निरोप धाडला, आता रंजूला आणू नका. तिला माझी आठवण राहील असं काही करू नका. ती लीलाला आई म्हणू दे. तुम्हीपण येऊ नका, मग मला राहवत नाही.” तिनं नाक पुसलं. “पहिले काही महिने रंजू रात्री उठून तिला शोधायची. दाराशी जाऊन बसायची. मग एक दिवस मला आई म्हणाली. मी त्या दिवशी जेवले नाही.”

मरायच्या तयारीनं त्या बाईनं आपलं सगळं वाटून टाकलं होतं आणि आता तिचं वजन वाढत होतं.

लीला उठली. तिनं तोंड धुतलं, परात झाकली. “तुमची गाडी कितीला आहे?”

“का?”

“आम्ही येतो. मी आणि रंजू. आज सांगणार आहे मी तिला, तिची आई कोण ते.”

“अहो, पण बळवंतराव…”

“दाजींना दुकानात निरोप देते. ते अडवणार नाहीत. तेपण रोज कपाटात ठेवलेल्या तिच्या फोटोकडं बघून बाहेर पडतात.” मग पोटावर हात ठेवून ती म्हणाली, “आता मला माझं होणार. मला माझीच भीती वाटते. उद्या माझा जीव थोडा इकडं जास्त ओढला तर? आई जिवंत असताना रंजूनं ते का सोसायचं? अक्का घरी येऊ दे. मी कुठंही राहीन.”

साताऱ्याला गाडी बदलून आम्ही घाट चढलो. लीला वाटभर पुटपुटत होती, मुलीला काय सांगायचं, कसं सांगायचं. मला विचारत होती, “आधी सांगू की तिथं गेल्यावर सांगू?” मला काय कळत होतं? मी म्हणालो, तिथं गेल्यावर.

“कुठं चाललोय आपण?” रंजूनं विचारलं.

“तुला मफलर पाठवला ना, त्यांच्याकडं,” लीला म्हणाली.

दुपार उतरत असताना आम्ही फाटकाशी पोचलो. थंडी पडू लागली होती. लीलानं रंजूच्या गळ्याला मफलरचे दोन वेढे दिले, तरी टोकं तिच्या गुडघ्यांपर्यंत आली. मी त्यांना कुंपणाशी उभं करून आत गेलो.

मालन उद्योगखोलीत होती. “आलास? दिलास?” तिनं विचारलं, आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून सुया खाली ठेवल्या.

“कुंपणाशी आल्या आहेत.”

“कोण?”

“दोघी.”

मला वाटलं होतं, ती धावत सुटेल. ती उठली, नळाशी जाऊन तिनं हात धुतले, तोंड धुतलं. केस सोडून पुन्हा घट्ट बांधले. धुतलेला फडका घेऊन तोंडाला बांधला. मग म्हणाली, “चल,” आणि माझ्यामागून चालू लागली. कुंपणाच्या बऱ्याच अलीकडं ती थांबली आणि पुढं यायचं नावच घेईना.

लीलानं तारेला दोन्ही हात धरले. “अक्का!”

“अशा दिवसांत एवढा प्रवास करतात का?” मालन म्हणाली. तिचं लक्ष मात्र लीलाकडं नव्हतंच.

“अक्का, जवळ ये ना. रंजू, बाळ, इकडं बघ. ही कोण आहे माहीत आहे का? ही तुझी…”

मालननं हात वर केला. रस्त्यावर भरधाव गाडी थांबवायला करावा तसा.

“मावशी,” ती म्हणाली. “मी तुझी मावशी, रंजू. तुझ्या आईची थोरली बहीण.”

रंजूनं आधी लीलाकडं, मग मालनकडं बघितलं.

“तुम्ही तोंडाला का बांधलंय?”

“मला खोकला आहे म्हणून.”

“हा मफलर तुम्ही केला?”

“हो.”

“मला मोठा होतो.”

“मोठी होशील ना तू.”

रंजूला ते पटलं असावं. तिनं मफलरचं टोक डोळ्यांजवळ धरून तपासलं. “हिरव्याच्या पुढं गुलाबी का लावलाय?”

“हिरवी लोकर संपली. मग जी होती ती घेतली.”

“आणि मावशी, इथं एक धागा सुटलाय.” असं म्हणून तिनं ते टोक तारेच्या भोकातून आत सरकवलं.

मालन पुढं आली. अगदी कुंपणापर्यंत आली. तिनं ते टोक हातात घेतलं, सुटलेला धागा बोटाच्या नखानं आतल्या टाक्यात ओढून घेतला, एकदा, दोनदा, आणि वरून हात फिरवला. पलीकडं मफलर मुलीच्या गळ्यात होता. एवढं काम आटपायला जितका वेळ लागायला हवा त्याहून थोडा जास्त लागला. रंजू शांत उभी राहून तिची बोटं बघत होती. मग मालननं टोक परत तारेतून बाहेर दिलं.

“झालं. आता नाही सुटायचा.”

रंजूला पलीकडं एक माकड दिसलं आणि ती ते बघायला झाडाशी गेली. लीला तारेला कपाळ लावून रडत होती.

“का गं असं केलंस? मी सांगणार होते तिला. तू बरी झालीस अक्का, घरी चल. तुझं घर आहे, तुझी मुलगी आहे. मी जाईन बाबांकडं.”

“तिची आई एकदा गेलीय, लीला,” मालन म्हणाली. “दुसऱ्यांदा घालवू नको.”

“आणि तू?”

“मी मावशी आहे की.” तिनं तारेतून दोन बोटं घालून लीलाच्या गालावरचं पाणी पुसलं आणि लगेच हात मागं घेतला. “आणि ऐक. तुझा जीव दोघांकडं सारखाच ओढेल. तू माझ्या हाताखाली वाढलीस, मला माहीत आहे. आता निघ. साताऱ्याला मामांकडं मुक्काम कर. अंधार पडायच्या आत घाट उतरू दे.”

पुढं काय झालं ते सांगतो. लीलाला मुलगा झाला. दरवर्षी हिवाळ्यात ती दोन्ही मुलांना घेऊन मावशीला भेटायला यायची, आणि पुढं पुढं रंजना एकटीही यायची. मालन त्या उन्हाळ्यात पूर्ण बरी झाली, पण कराडला गेली नाही. सॅनेटोरियमनं तिला विणकाम शिकवायला ठेवून घेतलं. मागच्या चाळीत एक खोली दिली. मीही बरा होऊन घरी गेलो, मागाच्या धंद्यात पडलो, आणि काही ना काही निमित्त काढून घाट चढत राहिलो. एकदा मनातलं बोललोही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सदा, चहा गार होतोय.” त्यानंतर दोन वर्षांनी मी लग्न केलं. तिनं माझ्या पहिल्या मुलीसाठी टोपी विणून पाठवली. नव्या लोकरीची.

रंजनाच्या लग्नात ती मावशी म्हणून मांडवात होती. मुलीच्या पाठीशी मामा उभा राहिला, आई-वडिलांनी कन्यादान केलं, आणि मालन बायकांच्या गर्दीत, मागून तिसऱ्या रांगेत, अक्षता टाकत होती. मी तिच्याकडंच बघत होतो. तिनं हातातल्या सगळ्या अक्षता पहिल्याच मंगलाष्टकाला टाकून दिल्या आणि नंतर रिकामीच मूठ उघडत राहिली. आता ती नाही. लीलाही नाही. रंजनाला पुढं कुणी काही सांगितलं का, मला ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही.

पण मला सारखी आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. त्या दोघी गेल्यावर मालन व्हरांड्यात येऊन बसली. तोंडाचा फडका सोडून तिनं त्याची घडी घातली. पहिल्यांदाच ती रस्त्याकडं तोंड करून बसली होती. खालच्या वळणावर गाडी एकदा दिसली, मग झाडीआड गेली. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मला वाटलं, ती आता तरी रडेल.

तिनं विचारलं, “येताना रंजू कुठं बसली होती? खिडकीशी?”

“हो, खिडकीशी.”

“तिला उलटी झाली असेल ना घाटात?”

“नाही.”

“नाही? वळणांवरसुद्धा?”

“नाही. भाजलेल्या शेंगा खात होती. वरपर्यंत.”

ती माझ्याकडं अविश्वासानं बघू लागली. “असं कसं होईल? तिला गाडी लागते, सदा. साताऱ्यापर्यंतसुद्धा मी फडकं आणि लिंबू घेऊन बसते. गाडी लागते तिला.”

वळणाखालून गाडीचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

“लागायची,” ती म्हणाली.